आल्यावर, येताना, येईपर्यंत

माझा मुलगा तुर्कस्तानातून सून घेऊन आला, तेव्हा तिला मराठी येत नव्हती आणि मला तुर्की. इंग्रजी तिचीही जेमतेम आणि माझीही. इंदापूरच्या एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीतून ती उतरली, माझा हात हातात घेतला, ओठांना लावला आणि मग कपाळाला टेकवला. मी घाबरून हात मागे घेतला. मुलगा हसला. म्हणाला, "अम्मी, तिकडं मोठ्यांना असाच सलाम करतात. घेऊ दे हात."

मुलगा बारामतीच्या एका कापडाच्या कारखान्यात मशीन बसवायचं काम शिकला होता. तिथून त्याला बुर्साला जायची संधी मिळाली. बुर्सा म्हणजे तिकडचं कापडगिरण्यांचं शहर. शिकायला म्हणून गेला आणि तिथंच नोकरीला लागला. लग्न तिकडंच झालं. आम्ही ते फोनवर पाहिलं. पुढं ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा तो एकुलता एक म्हणून सगळं आवरून परत आला. बारामतीत जुन्या ठिकाणी पुन्हा कामाला लागला. रोज सकाळी इंदापुरातून मोटारसायकलवर निघायचा आणि दिवस मावळताना परत यायचा. हे बाजारपेठेमागच्या गल्लीत आमच्या दुकानात पाण्याच्या मोटारी भरायचे, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचे. दिवसभर घरात आम्ही दोघीच.

मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. सहावी-सातवीच्या पोरांकडून विभक्तीचे प्रत्यय घोकून घेतले. पण घरात एक मुलगी पाण्याचा तांब्या हातात धरून उभी आहे आणि तिला तहान लागलीय की झाडाला पाणी घालायचंय, हे मला कळत नाही, ही वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली. पहिले काही दिवस आम्ही नुसत्या हसायचो. हसून हसून गाल दुखायचे. मग एका दुपारी मी तिला खाली बसवलं, घराकडं बोट केलं आणि म्हटलं, "घर."

ती म्हणाली, "एव."

मी आत जाऊन उभी राहिले. "घरात."

"एवदे."

बाहेर गेले. "घरातून."

"एवदेन."

उंबऱ्याकडं परत चालत आले. ती टाळी वाजवून म्हणाली, "एवे!"

मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. आपल्यासारखंच होतं. तिच्याही शब्दांना मागून प्रत्यय लागत होते, सप्तमी होती, पंचमी होती. तिचंही क्रियापद आपल्यासारखं शेवटी यायचं. आणि कितीतरी शब्द माझ्या आजीच्या तोंडचे निघाले. साबून, हफ्ता, दुकान, हवा, दुनिया. आजी पळसदेवच्या बाजूची. तिनं तुर्कस्तान हे नावही ऐकलं नसेल.

तेव्हापासून रोज दुपारी ह्यांचं जेवण झालं की आमची शाळा भरायची. ती माझी मास्तरीण आणि मी तिची. मला स्वरांनी छळलं. घरातून म्हणजे एवदेन, पण गाडीतून म्हणजे अराबादान. शब्दात 'ए' असेल तर प्रत्ययातही 'ए', 'आ' असेल तर 'आ'. मी सतत चुकायचे आणि ती माझ्या हनुवटीला बोट लावून तोंडाचा आकार बदलायला लावायची. तिला आपल्या सामान्यरूपानं छळलं. 'पाणी' आणि 'त' एवढं समजल्यावर ती मोठ्या विश्वासानं 'पाणीत' म्हणायची. मी 'पाण्यात' म्हटलं की तिचा चेहरा पडायचा. "पाणीनं काय केलं?" एकदा तिनं विचारलं. "त्याला का मोडायचं?" शाळेत कुठल्याच पोरानं मला हे विचारलं नव्हतं.

आणि तिची ती द्वितीया! तुर्कीत एखादी ठरावीक वस्तू सांगायची असेल, तर तिलाही प्रत्यय लागतो. आपण माणसाला 'ला' लावतो, भाकरीला लावत नाही. तिच्या जिभेला ते पटायचं नाही. मुलगा संध्याकाळी जेवायला बसला, की ती ताट पुढं करून सांगायची, "भाकरीला खा. दूधाला पी."

"भाकरीला खातो की," तो म्हणायचा. "पण भाकरी मला काय म्हणंल?"

हे एवढे हसायचे, की मला त्यांच्या ऑपरेशनच्या टाक्यांची काळजी वाटायची.

विभक्ती जमल्यावर आम्ही वेळेकडं वळलो. 'तेव्हा', 'आधी', 'नंतर', 'पर्यंत' ही सगळी वाक्यं. इथं मला वाटलं होतं तिकडं काहीतरी वेगळंच असेल, इंग्रजीसारखं. पण तिकडंही धातूलाच शेपूट लागत होतं. गेल म्हणजे ये. गेलिंजे म्हणजे आल्यावर. गेलिर्केन, येताना. गेलमेदेन ओन्जे, येण्याआधी. गेलेने कदार, येईपर्यंत. आम्ही सगळी उदाहरणं ह्याच एका धातूवर घेतली. मुद्दाम नव्हे. दिवसभर आमच्या बोलण्यात येणारा माणूस एकच होता. तो आल्यावर जेवू. तो येताना कोथिंबीर आणेल. तो येण्याआधी न्हाऊन घे. तो येईपर्यंत भाकऱ्या नको टाकू, गार होतील. मी 'आधी' आणि 'पर्यंत'ची गल्लत करायचे. "तो येण्याआधी थांबते," असं काहीतरी मी तुर्कीत म्हणायचे आणि ती पोट धरून हसायची.

'गेल'वरूनच 'गेलिन' हा शब्द. गेलिन म्हणजे सून. आली ती सून. हे तिनंच सांगितलं आणि स्वतःच्या छातीला हात लावून म्हणाली, "मी आले. म्हनून मी सून."

ती मराठी शिकली ती गल्लीतली. मी पुस्तकातली शिकवायचे, ती शेजारणींकडून 'हाय' आणि 'न्हाय' उचलायची. गव्हाळ रंगाची, निळसर डोळ्यांची ही बाई भाजीवालीला "व्हय मावशी, पर लई महाग हाय" म्हणाली, की आजूबाजूचे वळून बघायचे.

एका उन्हाळ्यात रविवारी आम्ही चौघं पळसदेवला गेलो. उजनीचं पाणी खूप खाली गेलं होतं आणि एरवी बुडालेलं जुनं देऊळ वर आलं होतं. भेगा पडलेल्या गाळातून चालत आम्ही तिथवर पोचलो. एक होडीवाला जाळं सोडवत बसला होता. तिनं त्यालाच विचारलं, "हे कधी दिसतं?"

"पानी वसरल्यावर दिसतंय बगा. पावसाळा लागला की पुन्ना गडप."

"वसरल्यावर," ती स्वतःशी म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "सु चेकिलिंजे."

मुलगा तिच्या कानाशी लागून तुर्कीत काहीतरी बोलला. ती लाजली. मी म्हटलं, "मला कळलं." खरंच कळलं होतं. 'अम्मीला सगळं समजतं, जपून बोल,' असं तो म्हणाला होता. कुणी मला त्याचा अर्थ सांगितला नाही, शब्द जोडून पाहावे लागले नाहीत. ते वाक्य सरळ माझ्या कानात शिरलं. तो डोळे मोठे करून माझ्याकडं बघत राहिला. "आता आमी भांडायचं कुटं?" म्हणाला.

त्याच वर्षी थंडीत तो गेला.

उसाचा हंगाम सुरू होता. बारामतीहून येताना लासुर्ण्याच्या अलीकडं रस्त्यात उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. मावळतीची वेळ, उजेड पुरता गेलेला नव्हता आणि दिवेही लागलेले नव्हते. दुकानात ह्यांना फोन आला. हे शेजारच्या दुकानदाराच्या गाडीत बसून तिकडं गेले, मला फक्त 'लागलंय' म्हणाले. मग दवाखान्यातून त्यांचा फोन आला. "अगं, न्हाय ऱ्हायला," एवढंच म्हणाले. फोन चालूच होता, पण पुढं नुसता श्वास ऐकू येत होता.

ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. मी दारात उभी राहिले. तिला सांगायला घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

इतकं शिकले होते, पण मरण हा शब्द मी तिला कधी विचारला नव्हता. तिनंही सांगितला नव्हता. मला जे येत होतं त्यातूनच मी वाक्य केलं. "गेलमेयेजेक," मी म्हटलं. येणार नाही.

तिनं मान वर केली. "येमेए मी?"

जेवायला? जेवायला येणार नाही का, असं ती विचारत होती. चतुर्थी. मीच तिच्याकडून शिकलेली.

मी नाही म्हणून मान हलवली. तोंडातून मराठी आलं. "गेला गं तो."

"कुठं गेला?" तिनं विचारलं. मराठीत, अगदी शुद्ध. हातात मटारची शेंग तशीच.

मी काय करायला हवं होतं, मला आजही कळत नाही. मी तिथंच खाली बसले. तेवढ्यात बाहेरून बायकांचे आवाज आले आणि गल्लीतले वयस्कर चाचा उंबऱ्याशी येऊन थांबले. त्यांनी आत पाहिलं, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन."

हे शब्द तिच्या गावातही तेच होते आणि कुणी वारल्यावर म्हणतात. तिच्या मांडीवरचं ताट सरकलं आणि मटार फरशीवर गडगडत गेले. ती ओरडली नाही. ती माझ्याकडं गुडघ्यांवर सरकत आली आणि माझ्या पदरात तोंड खुपसलं.

पुढं बरेच दिवस आमची चूल पेटली नाही. शेजारपाजारचे डबे आणायचे. समोरची पाटलीण रोज भाकरी-पिठलं घेऊन यायची आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवून जायची. येणाऱ्या बायका माझ्याशी बोलायच्या, सून माझ्याजवळ बसून राहायची. सगळ्या गेल्या की विचारायची, "काय म्हनाल्या?" मग मी त्यांचं बोलणं पुन्हा तिच्या भाषेत सांगायचे. एकच दुःख मला रोज दोनदा सोसावं लागायचं. पण तिला नाही सांगायचं, हेही बरं नव्हतं.

तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. ती बाई रडत मला म्हणाली, "बाशन सा ओल्सून." एकेक शब्द मला कळला. तुझं डोकं शाबूत राहो. मी गोंधळून गेले, अशा वेळी ही डोक्याचं काय बोलते? फोन ठेवल्यावर सून म्हणाली, "अम्मी, मानूस गेल्यावर आमी असंच म्हनतो. जे मागं ऱ्हायले त्यांच्यासाठी."

एकदा कुणी बाई सांगून गेली, की ट्रॉलीला मागं दिवा नव्हता म्हणे. सून तिच्या जाण्याची वाट बघत होती. मग विचारलं, "म्हने म्हंजे कोन म्हने?"

"कुणीही," मी म्हटलं. "ज्यानं स्वतः पाहिलं नाही, नुसतं ऐकलं, तो 'म्हणे' लावतो."

"आमच्यात क्रियापदातच हाय. मिश." तिनं भिंतीकडं बघत सावकाश सांगितलं. दिवा नव्हता, हे डोळ्यांनी पाहिलं असेल तर योक्तू. ऐकलं असेल तर योकमुश. मग ती म्हणाली, "अम्मी, तो येत होता. हे मी कसं म्हनू? गेलियोर्दू, का गेलियोरमुश? तितं तर कुनी आपलं नव्हतं."

"गेलियोर्दू," तीच म्हणाली. "मला म्हाईत हाय. तो रोजच्या वक्ताला घरीच येत होता. मला कुनी सांगायला नको."

ह्यांनी स्वतःला दोष दिला. दुकानात मोटार उघडून बसायचे आणि तार तशीच हातात. "मी आजारी पडलो नसतो तर पोरगा आलाच नसता," एवढं एकच वाक्य घरात अनेकदा ऐकू आलं. सुनेला त्याचा अर्थ कळू नये म्हणून मी विषय बदलायचे. पण तिला कळत होतं. एका दुपारी ती दुकानात गेली, त्यांच्या हातातली तार काढून घेतली आणि म्हणाली, "अब्बा, तो मला बी घेऊन आला. तुमी आजारी पडला नसता, तर मी तुमाला बघितलं नसतं." त्या दिवशी ह्यांनी ती मोटार पुरी केली.

इद्दतीचे दिवस, म्हणजे विधवेनं घरात राहायचे दिवस, संपत आले तेव्हा तिच्या आईनं मला फोनवर विचारलं, माझी मुलगी कधी परत येणार? मला पूर्ण वाक्य समजलं. समजलं नसतं तर बरं झालं असतं. शेजारी बसलेल्या ह्यांना मी त्याचा अर्थ सांगितला नाही. दोन रात्री विचार केला. तिचं वय किती लहान होतं! इंदापुरात तिला काय होतं? तांदूळ निवडत दोन म्हाताऱ्यांचं तोंड बघणं.

मी तिला म्हटलं, "आता तू घरी जा."

"मी घरीच हाय."

"आईच्या घरी."

"मी हितंच ऱ्हाते, अम्मी. तुमी शिकवा, मी शिकते."

"माझं शिकवून झालं गं," मी म्हटलं.

ते खोटं होतं. अजून समास राहिले होते, प्रयोग राहिले होते, म्हणी तर सगळ्याच राहिल्या होत्या. तिला तो खोटेपणा कळला. ती उठून आत गेली आणि मला कपाटातून बॅग काढल्याचा आवाज आला.

मुंबईपर्यंत हे तिच्याबरोबर गेले. मी स्टँडवरूनच परत फिरले. गाडी सुटल्यावर तिथं एक कंडक्टर माझ्या जवळ येऊन "मावशी, कुठं जायचंय?" असं विचारत होता.

सुरुवातीला ती दर शुक्रवारी फोन करायची. मराठीतच बोलायची, ह्यांच्या औषधांची चौकशी करायची, पाटलिणीच्या म्हशीला रेडकू झालं का विचारायची. पुढं दोन शुक्रवारांमध्ये अंतर पडू लागलं. तिला एका शाळेच्या कचेरीत काम मिळालं होतं. तिची मराठी सुटत चालली. मधेच शब्द अडायचा आणि ती जरा थांबून तुर्कीत सांगून टाकायची. मी मात्र थांबले नव्हते. मोबाइलवर शिकणाऱ्यांसाठी धडे असतात, ते मी दुपारी ऐकत राहिले. तिच्याशी बोलताना शब्द अडू नये म्हणून. माझी तुर्की सुधारत गेली आणि फोन कमी होत गेले.

गेल्या वर्षी एका दुपारी तिचा फोन आला. सुरुवातीपासून तुर्कीतच बोलत होती आणि आवाज हळू होता. तिला एकानं लग्नाचं विचारलं होतं. तिच्याच शाळेतला शिक्षक. तिनं अजून काही उत्तर दिलं नव्हतं. म्हणाली, तुम्हाला विचारल्याशिवाय देणार नाही.

हे होणार, व्हायलाच हवं, हे मीच मनाशी किती वेळा म्हटलं होतं. तरी फोन मी या कानाचा त्या कानाला लावला. मी विचारलं, "माणूस चांगला आहे का?"

"चांगला आहे. त्याला सगळं माहीत आहे. तुमच्याबद्दलही."

"मग हो म्हण."

ती रडायला लागली. मग विचारलं, "तुमच्या मुलाचा फोटो भिंतीवर आहे. त्याचं मी काय करू? काढू का?"

मी डोळे मिटले. भिंतीवर ठेव म्हणणं त्या नव्या माणसावर अन्याय होता, काढून टाक म्हणणं माझ्यानं झालं नसतं. "दोलाप्ता काल्सन," मी म्हटलं. कपाटात असू दे. तिला बघावासा वाटला तर दार उघडायचं. नाहीतर असू दे तसाच.

"कपाटात," ती मराठीत म्हणाली. सामान्यरूप बरोबर होतं.

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. हे दुकानाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "हो म्हन म्हनालीस न्हवं?"

"म्हणाले."

"बरं केलंस." थोड्या वेळानं म्हणाले, "लगीन म्हटल्यावर आपल्याकडनं काहीतरी जायला पायजे."

आम्ही दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो. ह्यांना साडी घ्यायची होती, मी म्हटलं ती नेसणार नाही. शेवटी सोलापुरी चादर घ्यायचं ठरलं, तिकडं थंडी फार असते. मी एक निळी चादर बाजूला काढली. दुकानदार घडी घालायला लागला, तेवढ्यात हे म्हणाले, "दोन द्या."

मी त्यांच्याकडं पाहिलं.

"दोघं हायेत आता," ते म्हणाले आणि एकदम वळून बाहेर गेले. पायरीवर पाठमोरे उभे राहून ते हमरस्त्याकडं जाणारे ट्रक बघत होते. मी दोन्ही चादरी नीट बांधून घेतल्या, आणि ते परत आत येईपर्यंत गठ्ठा मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिले.